वाऱ्यावर वाजणारी घंटा : बांबू आणि करवंटीची

शहरातल्या दुकानात ‘विंडचाइम’ म्हणून जी टांगलेली असते, ती वाऱ्यावर वाजणारी घंटा आपल्या परसातल्या सामानातून होते. बांबू, करवंटी, दोरी, बस्स. दिसायला सगळ्यांच्याच छान होतात. अडतं ते दोन ठिकाणी. एक तर ती वाजत नाही, नुसती खडखडते. नाहीतर चार महिन्यांत भुंगा लागून गिऱ्हाइकाच्या दारात पीठ सांडते. म्हणून आज या दोन गोष्टींवरच जास्त बोलू.

आधी बांबू. कोकणात माणगा भरपूर, पण तो जवळजवळ भरीव. टोपल्या-फर्निचरला उत्तम, घुमायला नाही. आपल्याला पोकळ बांबू हवा, अडीच-तीन सेंटीमीटर जाडीचा. कळकाच्या वरच्या भागातला किंवा फांदीचा तुकडा चालतो. वय तीन वर्षांच्या पुढे. कोवळा बांबू सुकताना चिरतो. तोड पावसाळा संपल्यावर, थंडीत करा. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा असं जुन्या बायका सांगतात. पाळायचं तर पाळा, पण महिना चुकवू नका. स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडायला भिऊ नका. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला.

भुंगा बांबू खातो तो त्यातल्या पिष्टासाठी. त्यामुळे वरून व्हार्निश फासून काही होत नाही, औषध आत मुरायला हवं. २० लिटर पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. हे पाणी कोमट असलं की लवकर विरघळतं. कापलेल्या नळ्या पाच-सहा दिवस पूर्ण बुडवून ठेवा, वर दगड ठेवा, नाहीतर तरंगतात. हातमोजे घाला. पिंपावर झाकण हवंच, पोरं आणि गुरं तिकडे फिरकता कामा नयेत. उरलेलं पाणी विहिरीजवळ, ओढ्यात ओतू नका. पुढच्या घाण्याला वापरा. मग नळ्या सावलीत तीन-चार आठवडे सुकवा. उन्हात टाकाल तर तडकतील.

आता आवाज. पाच नळ्या घ्या, ३०, २८, २६, २४ आणि २२ सेंटीमीटरच्या. लांब नळी खर्जात वाजते, आखूड नळी चढ्या सुरात. भोक पाडायच्या आधी सूर बघायचा. दोन दोऱ्यांच्या गुंडाळ्यांवर नळी आडवी ठेवा आणि मधोमध लाकडी चमच्याने टिचकी द्या. दोन नळ्या सारख्याच वाजल्या तर एक अर्धा सेंटीमीटर घासा, तिचा सूर चढेल. घासलेलं परत येत नाही, म्हणून सुरुवातीला थोडी लांबच कापा.

भोक कुठे पाडायचं, यात खरी गंमत आहे. बहुतेकजणी अगदी टोकाला पाडतात. नळी वाजते तेव्हा ती मधे आणि दोन्ही टोकांना थरथरते. पण टोकापासून लांबीच्या २२ टक्क्यांवर ती जवळजवळ स्थिर असते. दोरी तिथे बांधली तर आवाज दबत नाही. ३० सेंटीमीटरच्या नळीला भोक वरून ६.६ वर, २० च्या नळीला ४.४ वर. लांबीला २२ ने गुणा, १०० ने भागा. पटत नसेल तर तीच नळी आधी टोकाला आणि मग या जागी चिमटीत धरून वाजवून बघा.

वरचं छत म्हणून डोळ्यांकडची अर्धी करवंटी घ्या. तिचा मऊ डोळा टोकरला की मधलं भोक आयतं मिळतं. काठाभोवती दोरा गुंडाळून त्याच्या पाच घड्या घाला, तेवढ्या अंतरावर पाच भोकं. लोलक म्हणजे चार सेंटीमीटरची करवंटीची चकती. ती मधल्या दोरीला अशी बांधा की नळ्यांच्या मध्यावर आपटेल. म्हणून सगळ्या नळ्यांचे मध्य एका रेषेत येतील अशा दोऱ्या कमी-जास्त ठेवा. चकती आणि नळी यांत बोटभर अंतर हवं. खाली वारा धरायला करवंटीचं मोठं पान लावा. सुंभ दिसायला देखणा, पण पावसात कुजतो. जाळ्याचा नायलॉन धागा घ्या. शोभेला शिंपले लावायचे तर स्वयंपाकातल्या तिसऱ्यांचे. काही शंख-शिंपले १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, ते विकत घेऊन अडचणीत येऊ नका.

किंमत ठरवताना आपण आपले हात फुकट धरतो. समजा बांबू, दोरी, औषध, तेल, पॅकिंग मिळून ५० रुपये आणि वेळ अडीच तास. घंटा १२० ला दिली तर ७० उरले, म्हणजे तासाला २८ रुपये. तासाला निदान ४० हवे असतील तर १५० च्या खाली येताच येत नाही, आणि फुटलेल्या नळ्या, गाडीभाडं अजून धरलंच नाही. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात घासाघीस होणार, ते धरूनच पाटी लिहा. शेजारच्या गटाने कमी लावली म्हणून आपण उतरू नये. त्यांच्याशी आधी बोलून घ्यावं.

माल पाठवायच्या आधी प्रत्येक घाण्यातली एक घंटा घरात टांगा, खाली काळा कागद पसरा. पंधरा दिवस बघा. कागदावर पांढरं-पिवळं पीठ दिसलं तर तो अख्खा घाणा थांबवा, नळ्या पुन्हा औषधात घाला, आणि तो माल चांगल्या मालाजवळ ठेवू नका.