स्वारी आणि वेग : जयपुरातील महागड्या मोटारींचा समाजार्थ

महागडी, वेगवान मोटार बाळगणे हा वरकरणी खाजगी व्यवहार होय. मालक पैसे मोजतो, सरकार कर घेते, विक्रेता नफा घेतो आणि व्यवहार पुरा होतो. परंतु ती मोटार फाटकाबाहेर पडली की तिचा अर्थ लावण्याचा अधिकार मालकाच्या हाती राहत नाही; तो रस्त्यावरच्या माणसाकडे जातो. तो माणूस तिच्याकडे कौतुकाने पाहील, हेव्याने पाहील किंवा संशयाने पाहील. पण पाहिल्यावाचून राहणार नाही. या पाहण्याला एक इतिहास आहे, आणि तो तपासण्यास जयपूरसारखे दुसरे शहर क्वचितच सापडेल.

मराठीत ‘स्वारी’ हा शब्द मोहिमेला लावतात, राजाच्या मिरवणुकीला लावतात आणि प्रत्यक्ष राजाच्या देहालाही लावतात. ‘स्वारी आली’ म्हणजे धनी आले. जुन्या घरांत पत्नी पतीचा उल्लेखही याच शब्दाने करी. जयपूरकडील बोलीत ‘सवारी’ म्हणजे मिरवणूक, आणि टांग्यातला साधा उतारूही सवारीच. वाहन, त्यात बसणारा आणि त्याला पाहायला जमलेला समुदाय या तिहींना एका शब्दात गोवणारी ही कल्पना जयपूरच्या रचनेतच उतरली आहे. सवाई जयसिंह यांनी १७२७ साली वसविलेल्या आणि विद्याधर भट्टाचार्य यांनी आखलेल्या या नगरीचे राजरस्ते सुमारे १११ फूट रुंद आहेत. अठराव्या शतकातील बाजाराच्या गरजेपुरती ही रुंदी नव्हे. हत्ती, उंट, पालख्या आणि दुतर्फा उभी राहणारी प्रजा यांचा हिशोब तीत धरलेला दिसतो. तीज आणि गणगौर या सणांच्या सवाऱ्या आजही जनानी ड्योढीतून निघून त्रिपोलिया बाजारातून जातात.

या परंपरेत वैभव दाखविणे निषिद्ध नव्हते. मात्र त्याला निमित्त लागे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेस जाताना महाराजा माधोसिंह दुसरे यांनी चांदीचे प्रचंड रांजण भरून गंगाजल नेले. त्यांपैकी दोन रांजण सिटी पॅलेसमध्ये उभे आहेत. प्रत्येकाचे वजन सुमारे ३४५ किलो असून त्यात चार हजारांहून अधिक लिटर पाणी मावते. एवढी चांदी निव्वळ हौसेखातर वितळविली असती तर ती उधळपट्टी ठरली असती. परक्या देशात परके पाणी न पिण्याच्या व्रतापायी ती वितळविली, म्हणून ती निष्ठा ठरली. त्याच राजवाड्याच्या बग्गीखान्यात रथ, पालख्या आणि बग्ग्या ओळीने मांडलेल्या आहेत. त्या पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. यांतील एकही वाहन घाईसाठी घडविलेले नाही. सावकाश जाणे, म्हणजेच पाहणाऱ्याला पुरेसा वेळ देणे, हेच त्यांचे काम होते.

मोटार आली तेव्हा संस्थानिकांनी तिला प्रथम याच चौकटीत बसविले. अलवारचे महाराजा जयसिंह यांनी १९२४ च्या सुमारास लँचेस्टर कंपनीकडून करवून घेतलेली मोटार इंग्लंडच्या राज्याभिषेकाच्या रथाबरहुकूम होती; पुढे यंत्र आणि मागे रथ. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांची आवड मात्र निराळी. त्यांनी गर्नी नटिंग या इंग्लिश कारागिरांकडून बांधून घेतलेली ड्यूसेनबर्ग मोटार खरोखर वेगासाठी होती, रथाचा आव तिने आणला नव्हता. जयपूरच्या मानसिंह दुसरे यांची कीर्ती मोटारींपेक्षा पोलोच्या घोड्यांमुळे झाली. १९३३ साली त्यांच्या संघाने इंग्लंड गाजविले. शौकाचा विषय बदलला, तरी खर्चाचा स्रोत तिन्ही ठिकाणी एकच होता, आणि तो म्हणजे संस्थानचा महसूल.

याच अलवारच्या जयसिंहांविषयी एक आख्यायिका राजस्थानात आणि बाहेरही मोठ्या चवीने सांगितली जाते. लंडनमध्ये साध्या पोशाखात रोल्स-रॉइसच्या दुकानात शिरलेल्या महाराजांचा विक्रेत्याने अपमान केला. महाराजांनी सगळ्या मोटारी विकत घेऊन अलवारला आणल्या आणि कचरा उचलण्यास लावल्या. अखेर कंपनीने क्षमा मागितली. हीच कथा भरतपूर, पतियाळा आणि हैदराबाद येथील राजांच्या नावेही खपते, यावरूनच तिच्या ऐतिहासिकतेची कल्पना यावी. पुराव्यादाखल दाखविल्या जाणाऱ्या छायाचित्रात मोटारीच्या चाकांपुढे झाडू बांधलेले दिसतात. पण ते रस्त्यावरचे खिळे-काटे चाकांखाली येऊ नयेत म्हणूनही बांधीत असावेत.

कथा खोटी म्हणून टाकून देणे सोपे आहे. परंतु लोकांनी ती इतकी जपली कशासाठी, हा प्रश्न उरतोच. तीत श्रीमंताची चैन अपमानाच्या परिमार्जनात रूपांतरित होते. गोऱ्या दुकानदाराची खोड मोडते. आणि ज्या मोटारीला सामान्य माणूस हातही लावू शकत नाही ती त्याच्या उकिरड्यावर येऊन उभी राहते. महागड्या वस्तूच्या मालकाला समाज क्षमा करतो, ती अशा काही अटींवर. मात्र या कथेने जितके लक्षात ठेवले त्याहून अधिक विसरायला लावले आहे. रथाच्या घाटाची ती मोटार आली त्याच सुमारास, १४ मे १९२५ रोजी, अलवार संस्थानातील नीमूचाणा गावी वाढीव शेतसाऱ्याविरुद्ध जमलेल्या शेतकऱ्यांवर संस्थानच्या सैन्याने गोळीबार केला. कचऱ्याच्या मोटारीची गोष्ट घरोघर ठाऊक आहे. नीमूचाणा हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही आठवावे लागते. महाग मोटारीचा हा एक सामाजिक गुणधर्मच मानला पाहिजे. ती नजर स्वतःकडे ओढून घेते, आणि तिची किंमत ज्याने भागविली तो नजरेआड होतो.

जयपुरातही ही दुसरी बाजू होती, आणि तिच्याशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. सीकर भागात जन्मून वर्ध्याला दत्तक आलेले जमनालाल बजाज हे जयपूर राज्य प्रजामंडळाचे अध्यक्ष होते. संस्थानाने त्यांना प्रवेशबंदी केली. ती मोडून ते १९३९ च्या फेब्रुवारीत आले, तेव्हा प्रथम त्यांना धरून हद्दीबाहेर नेऊन सोडण्यात आले, आणि ते पुन्हा आल्यावर स्थानबद्ध करण्यात आले. पुढे याच बजाज घराण्याच्या कारखान्याने १९७२ साली पुण्याजवळ आकुर्डी येथे ‘चेतक’ स्कूटर काढली. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव महाराष्ट्रात बनलेल्या, नोकरदाराला झेपणाऱ्या दुचाकीला मिळाले, आणि त्या दुचाकीसाठी लोक वर्षानुवर्षे नोंदणी करून वाट पाहत राहिले. राजपुतान्यातील वाहनाचा मान असा कारकुनाच्या दारी आला.

एवढ्यावरून प्रजेच्या मनात केवळ रोष होता असे समजणे चुकीचे ठरेल. १९६२ च्या निवडणुकीत महाराणी गायत्री देवी जयपूरमधून लोकसभेवर निवडून आल्या, तेव्हा झालेल्या २,४६,५१६ मतांपैकी १,९२,९०९ मते त्यांना पडली होती. लोकांना त्यांची श्रीमंती ठाऊक नव्हती असे नाही; स्वारी गावात आली, दर्शन झाले, यालाच मोल होते. त्यानंतर २६ व्या घटनादुरुस्तीने १९७१ च्या डिसेंबरात तनखे बंद झाले. जयपूरचा तनखा वर्षाला १८ लाख रुपये होता. १९७५ मध्ये गायत्री देवी आणि भवानी सिंह तिहारच्या तुरुंगात गेले, आणि पुढील वर्षी जयगड किल्ल्यात सरकारने खजिना शोधला. संपत्ती हा दर्शनाचा विषय होता. तो आता झडतीचा झाला. मोटारखाने सांभाळणे अनेक घराण्यांना जड गेले. कित्येक मोटारी मातीमोल विकल्या गेल्या, तर काही परदेशी गेल्या.

आजच्या जयपुरात महागडी वेगवान मोटार घेणारा बहुधा राजा नसतो; तो रत्नांचा व्यापारी, बांधकाम व्यावसायिक किंवा उद्योजक असतो. त्याच्या पदरी पडणारे वास्तव बरेच रुक्ष आहे. २०२५ च्या दरांनी हिशोब मांडून पाहावा. परदेशात एक कोटीला पडणारी, पूर्ण बांधलेल्या स्थितीत येणारी मोटार घेतली तर सीमाशुल्क व अधिभार मिळून ११० टक्के, म्हणजे एक कोटी दहा लाख. त्या दोन कोटी दहा लाखांवर सप्टेंबर २०२५ पासूनचा ४० टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ८४ लाख. राज्याचा रस्ताकर आणि विमा धरण्यापूर्वीच मोटार दोन कोटी चौऱ्याण्णव लाखांची होते. मालक दोन मोटारींचे पैसे सरकारला देतो आणि एक घरी आणतो. हे पाहणाऱ्याला ठाऊक नसते. मालकाला ठाऊक असते. पण ते सांगून त्याला सहानुभूती मिळत नाही, आणि मिळावी असेही नाही.

पुढे रस्ता येतो. अशा मोटारीचे पोट जमिनीपासून जेमतेम बारा-तेरा सेंटिमीटर उंच असते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, सावकाश चढणारा असावा. गल्लीतला गतिरोधक हे मानक वाचून बांधला जात नाही. परकोट्याच्या आतल्या बाजारांत हातगाड्या, ई-रिक्षा आणि गाई यांच्यामधून तीनशे किलोमीटरच्या वेगाची मोटार टांग्याच्या चालीने सरकते. शहरात कायद्याने मोटारीला ताशी ७० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्गाचा सोहना ते दौसा हा भाग खुला झाला. तेथेही मर्यादा १२० चीच. अतिमहाग परदेशी मोटारींची अधिकृत दुरुस्तीकेंद्रे मुख्यतः दिल्ली, मुंबई, बंगळूर येथे असल्याने बिघाड झाला तर ही वेगवान मोटार मालमोटारीच्या पाठीवर बसून जाते. ज्या गुणासाठी पैसे मोजले तो गुण जवळजवळ कधीच वापरता येत नाही. उरते ते सावकाश मिरवणे. म्हणजे ती पुन्हा स्वारीच झाली. फक्त सण नाही, देवता नाही, आणि पाहणाऱ्याला कोणी बोलावलेले नाही. मग लक्ष वेधण्यासाठी राहतो तो इंजिनाचा आवाज.

आणि जेथे हा वेग खरोखर वापरला जातो तेथे काय होते, हे महाराष्ट्राने १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात पाहिले. कल्याणीनगर भागात परदेशी बनावटीच्या महागड्या मोटारीने दुचाकीला धडक दिली. दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, ठार झाले. मोटार अल्पवयीन मुलगा चालवीत असल्याचा आरोप आहे. त्याला प्रथम जामीन देताना घातलेल्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध ही एक अट होती, आणि ती कळताच लोकक्षोभ उसळला. मोटारीची कायम नोंदणी झालेली नव्हती. त्यासाठीचे १,७५८ रुपये भरावयाचे राहिले होते. या आकड्याने लोकांना जितके अस्वस्थ केले तितके मोटारीच्या किमतीने केले नसावे. कोट्यवधींची वस्तू बाळगणाऱ्याने सर्वांना लागू असलेले किरकोळ देणे भरू नये, येथे रोषाचे मूळ सापडते.

जुन्या मोटारींकडे पाहणारी नजर मात्र निवळली आहे. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्यातील मंडळी जुन्या मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतात आणि लोक त्यांची वाट पाहतात. जयपुरात जुन्या मोटारींचे मेळावे भरतात, तेथे चेतकवर वाढलेल्या पिढीतील माणूस नातवाला खांद्यावर घेऊन उभा असतो. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी नोंदणीचे वेगळे नियम केले. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क पडते, आणि अशी मोटार रस्त्यावर आणावयाची ती प्रदर्शन, संशोधन व मेळावा यांसाठी, अथवा इंधन भरण्यास व दुरुस्तीस नेताना. रोजच्या वाहतुकीस तिला परवानगी नाही.