आधी पाठ बघावी

आजीचा एकच फोटो आमच्या घरात आहे. नऊवारी सोडून नुकतीच पाचवारी नेसू लागलेली आजी, डाव्या खांद्यावर पदर आणि पदराला ब्रूच. मधे खडा, भोवती पानं. ते ब्रूच आत्याच्या लग्नात मोडीत गेलं. पुढे मी बर्मिंगहॅमला राहायला आले. इथे रविवारी लोक गाडीची डिकी उघडून घरातलं जुनं सामान विकायला बसतात, तशा एका बाजारात पानांचं ब्रूच दिसलं. आठ पौंड. घेतलं. ते आजीच्या ब्रुचासारखं अजिबात नाही, हे घरी फोटोशेजारी धरल्यावर कळलं, पण तोवर खोड लागली होती. सोळा वर्षांत डब्यात साठएक ब्रुचं जमली. पैसे घालवून, क्वचित रडून जे कळलं ते असं.

1. विकणारा ब्रूच तोंड वर करून ठेवतो, आपण ते पालथं करावं. तोंड कुणीही सजवतं, वय पाठीवर असतं. जुन्या ब्रुचाला नुसती इंग्रजी सी अक्षरासारखी उघडी आकडी असते. पिन तिच्यात अडकवायची, कुलूप-बिलूप काही नाही. शिवाय पिन लांब, ब्रुचाच्या कडेबाहेर डोकावणारी. फिरवून बंद होणारी आजची खटक्याची आकडी सर्रास दिसू लागली ती विसाव्या शतकाचं पहिलं दशक उलटल्यावर. हे माहीत नसताना मी ‘अस्सल व्हिक्टोरियन’ म्हणून एक ब्रूच पंचेचाळीस पौंडांना घेतलं. व्हिक्टोरिया राणी गेली 1901 मध्ये, आणि माझ्या ब्रुचाची आकडी बहुधा तिच्या नातवाच्या कारकिर्दीतली. अर्थात आकडी नंतर बदललेली असू शकते. म्हणून आकडीच्या बुडाशी बघायचं. तिथे करड्या रंगाचा ओबडधोबड गोळा दिसला, तर कुणीतरी शिशाचा डाक लावून काम भागवलंय. असं ब्रूच मी कितीही देखणं असलं तरी खाली ठेवते. पुढे सोनाराने तापवलं की ते शिसं सोन्याचांदीत उतरतं आणि धातू खातं.

2. दहापट मोठं दाखवणारं भिंग पर्समध्ये ठेवावं. चष्म्यावर विसंबू नये. इंग्लंडमधल्या चांदीवर बारीक ठसे असतात. चालणारा सिंह म्हणजे चांदी 925 कसाची, मग शहराची खूण, मग वर्षाचं अक्षर. बिबट्याचं तोंड लंडनचं. बर्मिंगहॅमची खूण जहाजाचा नांगर आहे, आणि या गावापासून समुद्र दोन-अडीच तासांवर! पूर्वी इथल्या कारागिरांना माल ठसे मारून घ्यायला चेस्टरला नाहीतर लंडनला धाडावा लागे. मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराने खटपट केली आणि 1773 मध्ये गावाला स्वतःची कसोटी-कचेरी मिळाली. याच गावात स्मिथ अँड पेपर नावाचा दागिन्यांचा कारखाना होता. मालकांनी 1981 मध्ये तो बंद केला तेव्हा हत्यारं, चहाचे कप, सगळं जागच्या जागी राहिलं. आज ते संग्रहालय आहे. पाहुणे आले की मी आधी तिथे नेते, राजवाडे नंतर. ठसा नाही म्हणून लगेच नाक मुरडू नये, हेही तिथेच शिकले. व्हिक्टोरियाच्या काळची पुष्कळ सोन्याची ब्रुचं ठशाविनाच विकली गेली आहेत.

3. रिठे चांदीच्या ताटवाटीसाठी. ब्रुचासाठी नाहीत.

हा धडा महाग पडला. जुन्या काचेच्या खड्यांच्या मागे बंद कोंदणात चकचकीत पत्रा बसवलेला असतो, खड्याची सगळी चमक त्याचीच. मी आईच्या पद्धतीने रिठ्याच्या कोमट पाण्यात ब्रूच तासभर ठेवलं. दोन दिवसांनी अकरापैकी सात खडे काळे. पाणी कोंदणात शिरलं आणि पत्रा गेला. तो परत येत नाही. स्कॉटलंडच्या अकीक दगडांच्या ब्रुचांनाही हाच नियम. त्यांतले दगड पुष्कळदा लाखेवर बसवलेले असतात, गरम पाण्याने लाख सुटते. आता मी कोरडा मऊ ब्रश आणि जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा, यापलीकडे जात नाही. काळोखी थोडी राहू दे. टूथपेस्टचं नाव माझ्यासमोर कुणी काढू नये.

4. ब्रूच साडीवर लावायचं तर साडीचं ऐकावं लागतं. खांद्यावर ब्रूच लावायची रीत आपल्याकडे पारशी बायकांकडून पसरली. सत्येंद्रनाथ ठाकूरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी 1860 च्या दशकात मुंबईत पारशी कुटुंबात राहिल्या आणि साडी नेसण्याची ती धाटणी त्यांनी बंगालात नेली. पण ती ब्रुचं हलकी असत. माझी इंग्रजी ब्रुचं मुळात लोकरीच्या कोटासाठी केलेली, पिन जाड आणि वजन भरपूर. पहिल्याच वर्षी मंडळाच्या गणपतीत मी आईच्या पैठणीला असं एक लावलं. आरती संपेपर्यंत ब्रूच मान टाकून बसलं आणि पदराला दोन भोकं. आईला अजून सांगितलेलं नाही. ती हे वाचणार नाही अशी आशा आहे.

तेव्हापासूनची माझी रीत अशी. पदराच्या निऱ्या आधी साध्या साडीपिनेने आतून ब्लाउजला टाचायच्या. वजन तिने पेलायचं, ब्रूच फक्त मिरवायला. ब्रुचाखाली आतल्या बाजूने फलालीनचा रुपयाएवढा तुकडा ठेवायचा आणि पिन कापड, फलालीन, परत कापड अशी ओवायची. जरीतून पिन कधी घालायची नाही, जरीची तार तुटली की सांधता येत नाही. शिफॉनला ब्रूच लावूच नये. सुती इरकल आणि खादी मात्र काहीही सोसतात. जुन्या उघड्या आकडीतून पिन निसटते, म्हणून पिनेच्या टोकाला खोडरबराचा बारीक तुकडा खोचायचा. दिसत नाही आणि एक ब्रूच हरवण्यापासून वाचतं. एक माझं हरवलंच आहे, बस नंबर अकरामध्ये.

5. काळं दिसलं की हात लावून बघावं. 1861 मध्ये व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट गेला आणि तिने उरलेला जन्म काळ्यात काढला. तिच्यामागे सारा देश काळे दागिने घालू लागला आणि व्हिटबी या किनाऱ्यावरच्या गावाचं नशीब उघडलं. तिथे सापडणारं जेट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचं दगड होत गेलेलं लाकूड. ते हलकं असतं आणि हाताला गार लागत नाही. गार आणि जड लागलं तर काळी काच. कडेला तपकिरी पडलं असेल तर रबरातून केलेलं व्हल्कनाइट. शंका असेल तर पाठीची कड बिनचकाकीच्या चिनीमातीवर हलकेच ओढावी, जेटची रेघ तपकिरी उमटते. (विकणाऱ्याला विचारून!)

हे सगळे दुखवट्याचे दागिने. आमच्याकडे काळे मणी सौभाग्याचे, म्हणून मला त्याचं काही वाटत नाही. दर संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर मी व्हिटबीचं जेट लावते आणि तिळगूळ वाटते. शेजारची इंग्रज आजी पहिल्या वर्षी हळूच विचारून गेली, घरात कुणी गेलं का?

6. केसांचं ब्रूच घ्यायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. माझं अजून ठरलेलं नाही.

एका मेळ्यात अंडाकृती सोन्याचं ब्रूच घेतलं. पाठ बघितली, आकडी बरोबर, डाक नाही. पाठीला काच होती आणि काचेखाली विणलेलं काहीतरी फिकट पिवळं. मला रेशीम वाटलं. घरी भिंगातून पाहिलं तर केस. फार बारीक, लहान मुलाचे असावेत. त्या काळी गेलेल्या माणसाचे केस असे जवळ बाळगत. सासूबाई तेव्हा इथे होत्या. जेवणात केस निघाला तर ताट बाजूला सारणाऱ्या बाई. मला वाटलं, आता हे घराबाहेर ठेवायला लावणार. त्यांनी ते हातात घेतलं, खिडकीशी नेलं, उलटसुलट केलं. म्हणाल्या, “जावळ असेल गं. आईने ठेवलं असेल.” आणि मग, “तू नको घालूस. पण विकूही नकोस.”

त्याला नऊ वर्षं झाली. ते वेगळ्या डबीत आहे, कापसात.

7. वाघनखाला हात लावू नये. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातून शिकारीची आठवण म्हणून सोन्यात मढवलेली वाघनखं ब्रुचं होऊन इकडे आली, आणि अजून टेबलांवर दिसतात. “तुमच्याच देशातलं,” असं कौतुकाने सांगून पुढे करतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार ते विकणं-विकत घेणं गुन्हा आहे आणि हौसेने भारतात नेणं म्हणजे विमानतळावर स्वतःहून अडकणं. हस्तिदंताचीही गत तशीच. ब्रिटनचा 2018 चा कायदा 2022 पासून लागू झाला आणि थोडे अपवाद सोडले तर त्याचा व्यापार बंद आहे. एकदा अशाच एका टेबलावर मला थेव्याचं ब्रूच मिळालं, राजस्थानातल्या प्रतापगढचं. हिरव्या काचेवर सोन्याच्या पातळ पत्र्यातून कोरलेले हत्ती आणि मोर. तेही साहेबांसाठीच केलेलं, पण कुणाचा जीव न घेता.

8. भाव करावा, पण दुपारी. सकाळी विकणारा ताठ असतो. गाडीत सामान भरायची वेळ झाली की वाकतो.

9. दुसऱ्याचं नाव लावायला लाजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बर्मिंगहॅममध्ये नावाची चांदीची ब्रुचं ढिगाने निघत. साच्यात दाबलेली, स्वस्त, कामकरी घरातल्या मुलींना परवडणारी. माझ्याकडचं नाव ‘एडा’. नांगर आहे, सिंह आहे, काठाला आयव्हीची पानं. ते लावून पुण्याला गेले तर भाचा म्हणाला, “मावशी, छातीवर ‘येडा’ लिहून फिरतेस?” इकडे ऑफिसात नवीन आलेल्या मुलीने ते वाचलं आणि पहिल्या दिवसापासून मला एडा म्हणू लागली. दुरुस्त करायचं राहून गेलं. आता तिच्यामुळे आणखी दोघी म्हणतात, आणि मी ओ देते.