भौतिकोपचाराच्या पहिल्या भेटीची पूर्वतयारी

स्मरणिकेत बाजारपेठ, वजनमापे व करआकारणी यांविषयी जाणकार मंडळी लिहितातच. मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने वैद्यकीय विषयास हात घालणे हे धाडस खरे. परंतु ज्या हाताने हे लिहीत आहे तो उजवा हात जवळजवळ वर्षभर खांद्यातून आखडलेला होता, एवढाच माझा अधिकार.

प्रथम त्या कुशीवर झोपता येईना. पुढे पेढीवर वरच्या फळीवरील वही काढता येईना, आणि सदऱ्याच्या बाहीत हात घालण्यास घरच्यांची मदत लागू लागली. मधुमेह्यांचा खांदा असा आखडण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो, हे मला ठाऊक नव्हते. गोणीस हात लावताना शीर आखडली असावी, या समजुतीने सहा महिने तेल चोळण्यात आणि हात गळ्यात बांधून ठेवण्यात घालविले. बांधून ठेवल्याने तो अधिकच आखडला. अखेर डॉक्टरांनी फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली. तीही पंधरा दिवस गल्ल्यात पडून होती.

भौतिकोपचार म्हणजे मालिश अथवा शेकणे, ही आपल्यातील सर्वसाधारण कल्पना. वस्तुतः हे रीतसर शिकून घेतलेले शास्त्र होय. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात 1953 साली या विद्येची शाळा निघाली; पोलिओने पंगू झालेल्या मुलांचा प्रश्न त्या काळी मोठा होता. आज मजुरा गेटच्या नव्या सिव्हिल हॉस्पिटलात हा विभाग आहे, व उधन्यातही खाजगी दवाखाने झाले आहेत.

माझी पहिली भेट मात्र फुकट गेली, आणि दोष सर्वस्वी माझा. पेढीवरून तसाच उठून गेलो. अंगात घट्ट बाह्यांचा सदरा, जवळ एकही कागद नाही. काय होते म्हणून विचारले तर “खांदा दुखतो” एवढेच उत्तर. यंत्र लावतील आणि मोकळे करतील, अशी माझी अपेक्षा! त्या भगिनीने यंत्रास हातही लावला नाही. प्रथम कोनमापकाने हात किती वर जातो ते मोजले. पूर्ण हात डोक्यावर नेल्यास सुमारे 180 अंश होतात. माझे 80 भरले. माल घेण्यापूर्वी आपण काटा करतो, तसाच हा काटा. तो नसेल तर पुढे सुधारणा किती झाली हे कोण सांगणार?

म्हणून जाण्यापूर्वी आदल्या रात्रीच एका कागदावर लिहावे: दुखणे केव्हापासून, कोणत्या हालचालीने वाढते, कशाने कमी होते, रात्री झोप मोडते काय, आणि शून्य ते दहा या मापात किती. दुखण्याची जातही सांगावी. ठणकणे, सलणे, चमक मारणे व जळजळणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत. येथे एक गंमत सांगतो. आमच्या सौभाग्यवतींनी “हाताला मुंग्या येतात” याचे शब्दशः गुजरातीत भाषांतर केले, तेव्हा समोरची मुलगी फरशीकडे पाहू लागली! गुजरातीत त्यास ‘खाली चढवी’ म्हणतात. खानदेशातून आलेल्या वडीलधाऱ्यांबरोबर दोन्ही भाषा जाणणारे कोणी असावे.

क्ष-किरण चित्रे, डॉक्टरांची चिठ्ठी व चालू औषधांची यादी बरोबर घ्यावी. हृदयास पेसमेकर असल्यास, शरीरात धातूची पट्टी असल्यास किंवा स्त्री गरोदर असल्यास आधीच सांगावे. विजेचे काही उपचार अशांस वर्ज्य असतात. मधुमेहाने त्वचा बधिर झालेली असल्यास तेही सांगावे, कारण शेक जास्त झाला तरी कळत नाही व अंग भाजते. कपडे सैल असावेत. भगिनींनी स्त्री उपचारिका हवी असल्यास वेळ घेतानाच कळवावे. यात संकोच नको. उपवासाच्या दिवशी पहिली भेट ठेवू नये, भरल्या पोटीही जाऊ नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर खिशात ठेवावी. चौविहार पाळणाऱ्यांनी संध्याकाळची वेळ घेऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे, आपणास काय साधावयाचे आहे ते नेमके सांगावे. “गुडघा बरा करा” म्हणण्याऐवजी “सामायिकास 48 मिनिटे खाली बसता यावे” असे म्हटले की उपचाराची दिशा ठरते. किती भेटी, काय खर्च, घरी कोणता व्यायाम, हे विचारून घ्यावे. घरचा व्यायाम हेच खरे औषध असल्याने तो त्यांच्यासमोर एकदा करून दाखवावा. मी चार दिवस करून सोडला होता. त्याचे फळ म्हणजे आणखी दीड महिना.

काही लक्षणांत मात्र प्रथम डॉक्टरच गाठावा: दुखण्याबरोबर ताप, अकारण घटणारे वजन, हातापायातील शक्ती एकाएकी जाणे, अथवा कंबरदुखीत लघवीवरील ताबा सुटणे. शेवटच्या दोहोंत तर एक तासही दवडू नये.

पाचव्या महिन्यात माझा काटा 150 अंशांवर आला. वरच्या फळीवरील वही आता मीच काढतो. सदरा घालताना मात्र त्या भगिनीने शिकविल्याप्रमाणे दुखरा हात अजूनही बाहीत प्रथम घालतो, आणि काढताना शेवटी.