काकांची गाडी आणि हेड गॅस्केटची निवड

दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढलेल्या मुलीने मराठी विभागात टेक्निकल लेख लिहायचा म्हणजे धाडसच! ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण ही गोष्ट गॅरेजमध्ये, मेस्त्रींच्या समोर घडली, म्हणून मराठीतच लिहिते.

माझ्या काकांची साताऱ्यात एक जुनी टर्बो डिझेल गाडी आहे. ती भाड्याने चालते आणि तिच्यावरच त्यांचं घर चालतं. गेल्या एप्रिलमध्ये पुण्याहून परतताना खंबाटकी घाटात रेडिएटरचा पाइप फुटला, इंजिन तापलं आणि हेड गॅस्केट उडालं. ऐन लग्नसराई. काकांचा फोन आला, "अगं, तू मेकॅनिकलला आहेस ना? कुठलं गॅस्केट टाकू ते सांग."

मी थर्ड इयरला. रुबाबात तीन सल्ले दिले. एक, सगळ्यात महाग ते मल्टी-लेयर स्टीलचं गॅस्केट घ्या. दोन, त्यातलं सगळ्यात जाड घ्या, जाड म्हणजे मजबूत. तीन, हेड फेसिंग आणि नवे बोल्ट यांत वेळ आणि पैसा घालवू नका. मेस्त्री नको नको म्हणत होते, पण "इंजिनिअर ताईं"पुढे त्यांचं काही चाललं नाही.

गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागली, आणि ९०० किलोमीटरनंतर पुन्हा पाणी खायला लागली. लग्नाची दोन भाडी गेली. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. माझे तिन्ही सल्ले चुकले होते. का चुकले, ते एकेक करून पाहू.

गॅस्केटवर जोर किती येतो?

ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये बसलेल्या या पातळ पत्र्याला सिलिंडरमधला वायू, कूलंट आणि ऑइल, तिघांनाही आपापल्या जागी ठेवायचं असतं. हिशेबासाठी सगळ्यांच्या ओळखीचं इंजिन घेऊ: फियाटचं १.३ लिटर मल्टीजेट, जे आपल्याकडे स्विफ्ट डिझेल आणि इंडिका व्हिस्टामध्येही आलं. त्याचा बोअर ६९.६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर. टर्बो डिझेलमध्ये ज्वलनाच्या वेळी १५० बारपर्यंत दाब सहज जातो असं धरलं, तर हेडला वर ढकलणारा जोर होतो सुमारे ५.८ टन. तोही एका सिलिंडरचा! टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात ६० बार धरले तर त्याच बोअरला हा जोर २.३ टन भरतो. आणि २००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये हे मिनिटाला १००० वेळा घडतं.

शिवाय हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असेल, तर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. ४०० मिलिमीटर लांबीचं हेड ३० अंशांवरून १०० अंशांवर गेलं, की दोघांच्या लांबीत सुमारे ०.३ मिलिमीटरचा फरक पडतो. गाडी तापली-थंड झाली की दर वेळी गॅस्केट दोघांच्या मध्ये घासलं जातं.

पहिली चूक: महाग म्हणजे चांगलं

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

कंपोझिट: मध्ये पत्रा आणि दोन्ही बाजूंना मऊ फायबर किंवा ग्रॅफाइटचा थर. मऊ असल्यामुळे थोडा खडबडीतपणा सामावून घेतं. कमी दाबाच्या जुन्या इंजिनांना ठीक, पण बूस्ट वाढला की बोअरच्या कडेला जळून फुटतं.

मल्टी-लेयर स्टील: स्प्रिंग स्टीलचे तीन किंवा जास्त पातळ थर. बोअरभोवती उठवलेल्या कडा स्प्रिंगसारख्या काम करतात. हेड किंचित उचललं गेलं तरी त्या मागोमाग उघडतात, म्हणून सील टिकतं. आजच्या बहुतेक टर्बो इंजिनांत हेच असतं.

तांब्याचं: मुख्यतः रेसिंगसाठी. दाब खूप सोसतं, पण त्यासाठी बहुतेक वेळा बोअरभोवती खाच कापून तारेची रिंग बसवावी लागते, आणि पाणी-ऑइलच्या वाटा वेगळ्या सील कराव्या लागतात. रोजच्या गाडीचं ते काम नाही.

म्हणजे मल्टी-लेयर सुचवलं यात माझं चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढे. या गॅस्केटवर रबराचा थर असतो तो काही मायक्रॉनचाच. त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत लागतो, सरासरी खडबडीतपणा साधारण ०.८ मायक्रॉनच्या आत असलेला बरा. कंपोझिटला २ मायक्रॉनसुद्धा चालतात. आमचं हेड तापून वाकलेलं, वर एमरी पेपरने हाताने घासलेलं. अशा हेडवर स्टीलचं गॅस्केट बसणार कसं? जुनं स्वस्त गॅस्केट कदाचित त्यापेक्षा जास्त टिकलं असतं.

दुसरी चूक: जाड म्हणजे मजबूत

बऱ्याच डिझेल इंजिनांसाठी एकच गॅस्केट दोन-तीन जाडीत मिळतं. कडेला असलेल्या खाचा किंवा भोकं मोजून जाडी ओळखतात. पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या किती बाहेर येतो ते डायल गेजने मोजायचं, चारही पिस्टनपैकी सगळ्यात उंच असेल त्याचं माप धरायचं, आणि मॅन्युअलमधल्या तक्त्यानुसार जाडी निवडायची.

मल्टीजेटचाच हिशेब पुढे नेऊ. एका सिलिंडरचं आकारमान ३१२ सीसी, कॉम्प्रेशन रेशो समजा १८. म्हणजे वर उरलेली जागा १८.३५ सीसी. गॅस्केट अर्धा मिलिमीटर जाड झालं की त्यात १.९ सीसीची भर पडते आणि रेशो १६.४ वर येतो! मग थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरणारच. उलट गॅस्केट फार पातळ असेल तर पिस्टन हेडला आपटू शकतो. टर्बो पेट्रोलमध्येही नॉकिंग टाळायला जाड गॅस्केट टाकतात, पण पिस्टन आणि हेडमधली फट वाढल्याने मिश्रण नीट घुसळलं जात नाही आणि नॉकिंग उलट वाढू शकतं.

तिसरी चूक: बोल्टचे पैसे वाचवणं

५.८ टनांची उचल रोखायला ढोबळमानाने तिच्या अडीच-तीनपट पकड हवी. ती देतात बोल्ट. गॅस्केट फक्त फट भरतं. अनेक इंजिनांचे बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर अंशांत फिरवून मुद्दाम यील्ड पॉइंटपर्यंत ताणतात. असा ताणलेला बोल्ट पुन्हा वापरला की पकडीचा भरवसा राहत नाही. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पेपरात हे मी लिहून आले होते. गॅरेजमध्ये आठवलं नाही!

मग निवड कशी करायची?

दुसऱ्या वेळी मी गप्प बसले आणि मेस्त्रींकडे पाहत राहिले. त्यांनी आधी गॅस्केट का उडालं ते शोधलं: पाइप, रेडिएटर, थर्मोस्टॅट. मग हेडवर स्ट्रेट एज ठेवून फीलर गेज सरकवलं. ०.०५ मिलिमीटरच्या आत हवं तिथे ०.१५ ची पाती आरपार गेली. फेसिंगची मर्यादा मॅन्युअलमध्ये पाहिली, कारण काही हेड्सना फेसिंग चालतच नाही. आमच्याला चालत होतं. ब्लॉकही तपासला. पिस्टन मोजून दोन खाचांचं गॅस्केट घेतलं, मी तीन खाचांचं आणलं होतं. नवे बोल्ट, ठरलेला क्रम, टॉर्क आणि अंश. सिलिकॉन कुठेही नाही.

बिल पाहून काका हसले, "पहिल्यांदाच केलं असतं तर..." पुढचं बोलले नाहीत. आज गाडी १२,००० किलोमीटर चालली आहे, पाणी तेवढंच आहे.

मी शिकले ते एवढंच: गॅस्केट दुकानात नाही, मोजमापात निवडायचं. आधी कारण, मग पृष्ठभाग, मग जाडी आणि बोल्ट, आणि गॅस्केटची किंमत सगळ्यात शेवटी. आणि वीस वर्षं हेड उघडणारा माणूस "नको" म्हणाला, तर निदान "का?" एवढं तरी विचारावं.