स्वयंपाकघराचे कपाट

मुलांनो, उद्या सकाळी अम्मी स्वयंपाक करत असताना दाराशी शांत उभे राहा आणि मोजा. हळदीच्या डब्यासाठी ती किती वेळा मागे वळते? पिठासाठी किती वेळा वाकते? वरच्या फळीवरचे पातेले काढायला तिला स्टुलावर चढावे लागते का? प्रत्येक वेळी कागदावर एक रेघ ओढा. स्वयंपाक संपेपर्यंत जमलेल्या या रेघा म्हणजे तुमच्या नव्या कपाटाचा पहिला आराखडा होय.

अशीच मोजदाद एका बाईंनी फार मोठ्या कामासाठी केली होती. त्यांचे नाव मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की. त्या ऑस्ट्रियाच्या वास्तुशिल्पी होत्या. १९२६ च्या सुमारास जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात साध्या लोकांसाठी हजारो घरे बांधली जात होती. त्यांतले स्वयंपाकघर होते सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. एवढ्याशा जागेत काम कसे सोपे करावे? बाईंनी घड्याळ लावून स्वयंपाकातील एकेक हालचाल मोजली, चालण्याची पावले मोजली आणि मग कपाटे आखली. पिठाचे खण त्यांनी ओकच्या लाकडाचे ठेवले, कारण त्या लाकडामुळे पिठात किडे होत नाहीत असा अनुभव होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बांधली गेली. लाकडाला करवत लागण्यापूर्वी किती काम करावे लागते, ते यावरून ध्यानात घ्या.

आता आपले काम. टेप घ्या आणि आधी भांडी मोजा, भिंत नंतर. घरातील सर्वांत मोठे पातेले, परात, तांदळाचा डबा यांची उंची आणि रुंदी वहीत लिहा. मग अम्मीला हात वर करायला सांगा. टाचा न उचलता तिचा हात जिथे पोचतो, त्याच्या वर रोजची वस्तू ठेवायची नाही. जड वस्तू खाली, हलकी वर. ओट्यावरच्या कपाटाची खोली ३० सेंटिमीटर पुरते. त्याहून जास्त ठेवली, तर काम करताना डोके आपटते आणि मागचा डबा वर्षभर मागेच राहतो!

भिंत मोजताना मात्र घाई करू नका. आमच्या घरी मी पहिले कपाट केले तेव्हा भिंतीतील कोनाडा फक्त खाली मोजला. तेथे ९० सेंटिमीटर भरले. कपाट तयार झाले, उचलून नेले आणि ते आत जाईना. वरच्या बाजूला कोनाडा ८८ सेंटिमीटरच होता! सागाच्या फळ्या पुन्हा कापाव्या लागल्या आणि दोन दिवस वाया गेले. म्हणून भिंत खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत लहान माप धरा. भिंत सरळ आहे की नाही, हे ओळंबा सोडून पाहा. ओळंबा म्हणजे तुमच्या उर्दूतील साहुल.

माप मिळाले की चौकटीच्या कागदावर चित्र काढा. कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले १० सेंटिमीटर. येथे एक चूक पुष्कळ जण करतात. कपाट बाहेरून ८६ सेंटिमीटर रुंद आहे आणि बाजूच्या फळ्या २ सेंटिमीटर जाड आहेत. मग आतली फळी किती लांब? ८६ नव्हे, ८२. दोन्ही बाजूंची जाडी वजा करायला विसरू नका. करवतीच्या प्रत्येक कापात दोन-तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो, तोही हिशेबात धरा.

कपाट कोठे बसवणार, तेही आधी ठरवावे लागते. वीटबांधकामाच्या भिंतीला कपाट टांगता येते. गडचिरोलीच्या अनेक खेड्यांत बांबूच्या कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती आहेत. अशा भिंतीवर भरलेल्या कपाटाचे वजन टाकू नका. तेथे पायांवर उभे राहणारे कपाट करा. पाय जमिनीपासून वीतभर उंच ठेवले, म्हणजे खाली झाडता येते आणि वाळवीची मातीची रेघ वर चढू लागली की लगेच दिसते. गॅसचे सिलिंडर बंद कपाटात कधीही ठेवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली साचतो, आणि बंद कपाटात साचलेल्या गॅसला एक ठिणगी पुरे होते. सिलिंडरची जागा मोकळी आणि हवेशीर ठेवा.

लाकडाच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. ओक आपल्याकडे नाही, पण आलापल्ली आणि बल्लारपूरचे सागवान दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. आलापल्लीजवळचा सुमारे ६ हेक्टरांचा जुन्या वृक्षांचा तुकडा ‘वनवैभव’ म्हणून ओळखला जातो. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करण्यात आले. तेथील सागाखाली उभे राहून वर पाहिले की मान दुखते. लागवडीतला सागही कापण्याजोगा व्हायला साठ-सत्तर वर्षे लागू शकतात. म्हणजे तुमच्या दादाजींच्या वयाचे झाड तुमच्या कपाटात येते.

सागाच्या फळीत मधला तपकिरी गाभा आणि कडेचा पांढरट भाग वेगवेगळा दिसतो. गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात, म्हणून त्याला वाळवी सहसा लागत नाही. पांढरा भाग मात्र ती आवडीने खाते. फळी घेताना कडा नीट पाहा. रात्री गुपचूप, स्वस्तात कोणी सागवान देऊ लागला, तर घेऊ नका. जंगलातील लाकडाला वनखात्याची परवानगी लागते. पावती नसेल तर लाकूड जप्त होते आणि घरातील मोठ्यांवर खटलाही होऊ शकतो. माझ्या मते सर्वांत चांगले लाकूड म्हणजे पाडलेल्या घराच्या जुन्या दारांचे आणि तुळयांचे. ते पुरते वाळलेले असते. फक्त त्यातले जुने खिळे आधी उपटा, नाहीतर करवतीचे दात जातात.

सगळेच सागाचे हवे असेही नाही. कांदे-बटाट्यांच्या खणाला बांबूच्या पट्ट्यांचे दार उत्तम, कारण त्यातून हवा खेळते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून तेथील ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. कच्च्या बांबूला लवकर घुन लागतो. म्हणून तो काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात व मग सावलीत वाळवतात.

आता या भागातील सुताराची खरी परीक्षा कोणती, ते ऐका. चंद्रपूरला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि जुलैत हवा पाण्याने जड होते. लाकूड पावसात फुगते आणि उन्हात आकसते. मात्र ते लांबीत जवळजवळ बदलत नाही, बदलते ते रुंदीत. वीतभर रुंद फळीत एक-दोन मिलिमीटरांचा फरक सहज पडतो. मे महिन्यात अगदी घट्ट बसवलेले दार जुलैत उघडत नाही. पावसाळ्यात घट्ट बसवलेल्या दाराला उन्हाळ्यात फट पडते. जुन्या सुतारांनी यावर उपाय शोधला होता. ते दाराची चौकट करत, तिच्या आत खाच पाडत आणि मधली फळी, म्हणजे दिल्हा, त्या खाचेत सैल बसवत. दिल्ह्याला खिळा नाही, सरस नाही. तो आतल्या आत फुगतो, आकसतो आणि चौकट जशीच्या तशी राहते. तुमच्या घरातील किंवा शाळेतील एखादे जुने दार पाहा. त्याचे दिल्हे हे शोभेसाठी नाहीत.

बाकीचे काम हत्यारांचे आहे. करवत, रंधा, पटाशी, गुण्या एवढी हत्यारे पुरतात. यांतले रंधा आणि गुण्या तुमच्या ओळखीचे आहेत. उर्दूत त्यांना रंदा आणि गुनिया म्हणतात. बिजागरीला तुम्ही कब्जा म्हणता. करवत चालवताना घरातील मोठा माणूस जवळ हवा. स्क्रू लावण्यापूर्वी बारीक भोक पाडा, म्हणजे फळी चिरत नाही. चौकट जोडली की दोरीने तिचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले, तर चौकट काटकोनात आहे. गुण्या नसेल, तर एका बाजूवर ३० आणि दुसऱ्या बाजूवर ४० सेंटिमीटरची खूण करा. दोन खुणांमधले अंतर बरोबर ५० आले पाहिजे. भूमितीच्या तासाला शिकलेला पायथागोरस येथे कामाला येतो!

दार मे महिन्यात लावत असाल, तर कडेला जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी फट ठेवा. घरचे विचारतील, “ही फट कशाला?” त्यांना जुलैपर्यंत थांबायला सांगा.

स्वाध्याय

१. कोनाडा तीन ठिकाणी का मोजावा?
२. कपाट बाहेरून ७५ सेंटिमीटर रुंद आहे. बाजूच्या फळ्या २ सेंटिमीटर जाड आहेत. आतली फळी किती लांब कापाल?
३. दिल्हा चौकटीत सैल का बसवतात?
४. सुतारकामातील असे पाच शब्द शोधा, जे मराठीत आणि उर्दूत सारखे आहेत.