अंतिम सामना हवा काय?

वाशिम जिल्ह्यातील एका शाळेत वादविवाद सभा भरली होती. स्पर्धेचा विजेता ठरविण्यास अंतिम सामना आवश्यक आहे काय, हा सभेचा विषय. विषय निघण्यास कारणही तसेच घडले होते. वाशिमसह अकरा जिल्ह्यांच्या विदर्भ संघाने २ मार्च २०२५ रोजी नागपूरजवळील जामठा येथे रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला होता. मुलांच्या आनंदाला पारावार नव्हता. तथापि तो अंतिम सामना अनिर्णित राहिला होता! पहिल्या डावात विदर्भाच्या ३७९ धावा झाल्या, केरळच्या ३४२. त्या ३७ धावांच्या आघाडीने करंडक विदर्भाकडे आला.

पहिला वक्ता आवेशाने म्हणाला, “अध्यक्षमहाराज, साखळीतील सात सामन्यांपैकी सहा विदर्भाने जिंकले आणि ४० गुण मिळवून आपल्या गटात पहिले स्थान पटकावले. चार महिन्यांच्या श्रमाची परीक्षा पाच दिवसांत पुन्हा कशाला? इंग्लंडमधील परगण्यांच्या स्पर्धेत अंतिम सामना नसतो. साखळीच्या गुणांवरच तेथे विजेता ठरतो.”

टाळ्या पडल्या. त्या थांबताच एक मुलगी उठली. “तेथे गुणांची तुलना होऊ शकते,” ती म्हणाली, “येथे कशी होणार? रणजीच्या वरच्या श्रेणीत बत्तीस संघ, आठ-आठांचे चार गट. केरळ दुसऱ्या गटात होते, म्हणून साखळीत त्याची विदर्भाशी गाठच पडली नाही. न भेटलेल्या दोन मल्लांत श्रेष्ठ कोण, हे कागद पाहून कोण सांगेल? अमेरिकेतील महाविद्यालयांच्या फुटबॉलमध्ये नेमकी हीच अडचण होती. तो खेळ आपल्या फुटबॉलहून निराळा, चेंडू हातात घेऊन धावण्याचा. संघ शंभराहून अधिक, आणि प्रत्येकाच्या वाट्याला सामने जेमतेम डझनभर. म्हणून कित्येक दशके पत्रकार आणि प्रशिक्षक मते देऊन श्रेष्ठ संघ ठरवीत. १९९० साली त्यांची मते जुळली नाहीत आणि अजिंक्यपद दोन विद्यापीठांत विभागले गेले! शेवटी २०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी सुरू झाली. २०२४ पासून तीत बारा संघ आले.”

हा युक्तिवाद बिनतोड होता. परंतु तिसऱ्या वक्त्याने केरळचा मार्ग सांगितला, तेव्हा सभा विचारात पडली. उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरविरुद्ध केरळला पहिल्या डावात केवळ एका धावेची आघाडी मिळाली. उपांत्य सामन्यात गुजरातविरुद्ध दोन धावांची. गुजरातच्या अखेरच्या फलंदाजाने टोलविलेला चेंडू जवळच उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावर आदळून उडाला आणि झेलला गेला. दोन्ही सामने अनिर्णित राहिले, तरी पुढे गेले केरळच. “बाद फेरी ही जर खरी कसोटी,” त्याने विचारले, “तर तेथे कौशल्य किती आणि दैव किती?”

“केरळ तरी कोठे हरले?” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले.

ते खरेच होते. त्या हंगामात केरळने एकही सामना गमावला नव्हता, विदर्भानेही नाही. पहिला वक्ता क्षणभर थबकला. मग तो म्हणाला, “अंतिम सामना असू द्या. पण निकाल लागेपर्यंत तो खेळवावा, मग दिवस कितीही लागोत!”

यावर परीक्षा जवळ आल्याची आठवण गुरुजींनी दिली, आणि सभेत हशा पिकला. मत घेण्यापूर्वीच घंटा झाली.