नमुना कापल्यानंतरची पहिली काही मिनिटे

तिसगाव, ता. पाथर्डी



प्रथिने मोजण्यासाठी शरीरातून कापून काढलेली ऊती लगेच मरत नाही. रक्तपुरवठा तुटला तरी पेशींतली विकरे काम करत राहतात. प्राणवायू संपत आला की ताणाचे संकेत सुरू होतात आणि पुढे लयकारिका फुटून प्रथिने तोडणारी विकरे मोकळी होतात. मग मोजले गेले ते रोगाचे चित्र की ताटकळलेल्या तुकड्याचे, हे कितीही महागडे यंत्र सांगू शकत नाही. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गाठींचे नमुने तासाभरापर्यंत तसेच ठेवून पाहिले होते. प्रथिनांचे एकूण प्रमाण फारसे हलले नाही, पण त्यांवरच्या फॉस्फेटच्या खुणा काही मिनिटांतच बदलू लागल्या. म्हणून काय मोजायचे आहे ते शस्त्रक्रियेआधीच ठरलेले असावे. रक्तपुरवठा कधी तुटला, तुकडा बाहेर कधी आला, गोठला कधी, या वेळा नमुन्याइतक्याच मोलाच्या आहेत. त्या नंतर आठवून लिहू नयेत.

तुकडा थंडगार बफरमध्ये झटकन धुवावा. रक्त राहिले तर हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिनच्या गर्दीत विरळ प्रथिने दडून जातात. मग लहान तुकडे करून प्रत्येक वेगळ्या नळीत गोठवावा, म्हणजे एकासाठी सगळे वितळवावे लागत नाहीत.

गोठवण्यासाठी लागणारा द्रव नायट्रोजन या भागात नवखा नाही. उरुळी कांचनला १९६७ साली सुरू झालेल्या ‘बाएफ’सारख्या संस्थांच्या कामामुळे कृत्रिम रेतनाचे कंटेनर गोठ्यापर्यंत पोचले आहेत. पण तिथली रीत जशीच्या तशी उचलता येत नाही. वितळल्यावर शुक्रपेशी जिवंत हव्या असतात, म्हणून ग्लिसरॉल घालून त्या बेताने थंड केल्या जातात. प्रथिनांसाठी घेतलेली ऊती जगवायची नसते, तिला आहे त्या क्षणी थांबवायचे असते. त्यामुळे इथे वेग महत्त्वाचा. उघडा तुकडा −१९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये थेट टाकला तर त्याभोवती वायूचा थर तयार होऊन गोठणे उलट मंदावते. नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये ही अडचण येत नाही. नायट्रोजनचे भांडे कधीही घट्ट बंद करू नये आणि बंद गाडीतून नेऊ नये. पहिल्याने स्फोट होतो, दुसऱ्याने माणूस गुदमरतो.

सूक्ष्मदर्शकासाठी काप घेताना वापरली जाणारी ‘ओसीटी’ ही चिकट लुकण, प्रथिने मोजणाऱ्या वस्तुमान वर्णपटमापनाच्या नमुन्याला लावू नये. तिच्यातले पॉलिमर प्रथिनांचे संकेत झाकून टाकतात.

फॉर्मलिनची गोष्ट वेगळी. ते प्रथिनांना एकमेकांशी जखडून ठेवते, म्हणून रचना टिकते, पण प्रथिने सुटी करणे अवघड होते. तरीही तालुक्याच्या ठिकाणी बहुधा तोच मार्ग हाताशी असतो आणि नीट पाळला तर तो उपयोगी आहे. स्तनाच्या कर्करोगात हर-टू या प्रथिनाच्या तपासणीसाठी नमुना तासाभराच्या आत १० टक्के बफरयुक्त फॉर्मलिनमध्ये जावा आणि ६ ते ७२ तास राहावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. जाड गाठ तशीच बुडवली तर मधला भाग सडत राहतो, म्हणून आधी पातळ काप करावेत आणि द्रावण ऊतीच्या निदान दहापट घ्यावे. शक्य असेल तेव्हा एक भाग फॉर्मलिनमध्ये, शेजारचा भाग गोठवून ठेवावा.

गोठलेला नमुना पुण्या-मुंबईकडे पाठवताना ड्राय आइस भरपूर घालावा. एप्रिल-मेच्या उन्हात तो अंदाजापेक्षा लवकर उडून जातो. तिथे पोचल्यावर −८० अंशांचा डीप फ्रीजर. घरगुती फ्रीजच्या −२० अंशांत विकरे मंदावतात, थांबत नाहीत.

वापरताना नमुना वितळू न देता गोठलेलाच कुटावा आणि सरळ विद्रावक द्रावणात घ्यावा. प्रथिनभंजक विकरांचे रोधक त्या द्रावणात आधीच असावेत. फॉस्फेटच्या खुणा पाहायच्या असतील तर सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेटही. रोधकांपैकी पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही, ते ऐनवेळीच मिसळावे. पुढे धातू बसवलेल्या स्तंभावर फॉस्फेटची खूण असलेले प्रथिनांचे तुकडे (फॉस्फोपेप्टाइड) वेचायचे असतील तर ईडीटीए टाळावे, कारण ते स्तंभावरचा धातूच काढून घेते.

मामा